सुसर, गादा, देवमासा : सागरी सस्तनांच्या नोंदी आणि मराठी नामव्यवस्था

महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यात तुडील हे गाव आहे. सावित्री नदी महाडच्या खाली हळूहळू रुंदावते, खाडीचे रूप घेते आणि बाणकोट व हरिहरेश्वर यांच्यामधून समुद्रास मिळते. भरतीचे पाणी महाडपर्यंत चढते. एके काळी दासगाव आणि महाड ही बंदरे याच भरतीवर जगत होती. तुडीलच्या वाट्याला खारे पाणी आले, समुद्र आला नाही. देवमाशाचा फवारा किंवा गाद्याची पाठ पाहण्यासाठी कोणी तुडीलला जाणार नाही. तरीही कोकणच्या किनाऱ्यावर दिसणारे सागरी सस्तन प्राणी मराठीत कोणत्या नावांनी नोंदले जातात, याचा विचार करावयाचा झाल्यास तो अशाच गावापासून आरंभणे सोयीचे आहे. सावित्रीच्या वरच्या अंगाला, महाडच्या डोहांत, सुसरी आहेत. खालच्या अंगाला, मुखाबाहेर, गादे आहेत. आणि 'सुसर' हा शब्द मुळात गाद्याच्या जातभाईचा आहे.

या विधानाचा पुरावा भाषेच्या इतिहासात मिळतो. संस्कृतात 'शिशुमार', व त्याहून जुने रूप 'शिंशुमार'. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात अश्विनांच्या रथाला बैलाबरोबर जुंपलेला म्हणून त्याचा उल्लेख येतो. गंगेच्या खोऱ्यात या शब्दाची वंशावळ पुरेशी स्वच्छ आहे : हिंदीतील 'सूंस' आणि बंगालीतील 'शुशुक' ही नावे गंगेतील डॉल्फिनचीच आहेत. मराठीत मात्र त्याच कुळातून 'सुसर' हा शब्द उतरला. टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात तो याच मूळ शब्दाखाली येतो, आणि ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने त्यात अडचण नाही. 'कुमार'चा 'कुंवर' होताना स्वरमध्य मकार ज्या वाटेने गेला, तीच वाट येथे आहे. पुढे संकोच होऊन 'सुसर' एवढेच उरले. शब्द आला, त्याचे रूप नियमाने बदलले, लिंगही बदलले. फक्त प्राणी निराळा झाला.

हा बदल मराठीने एकटीने केला असे मात्र नाही. पालीतील 'सुंसुमार' म्हणजे सुसरच. माकडाचे काळीज मागणाऱ्या जलचराची जी जातककथा 'सुंसुमार' या नावाने प्रसिद्ध आहे, तिच्यातील जलचर पंचतंत्रात 'मकर' होतो आणि मराठी मुलांच्या पुस्तकांत कधी सुसर, कधी मगर होतो. सुश्रुताने तर आहारविचारात शिशुमारास कूर्म, कुंभीर, कर्कटक यांच्या पंक्तीला, म्हणजे पाय असलेल्या जलचरांत बसविले आहे. तिमि व तिमिंगिल यांची गणना त्याने समुद्रातील मत्स्यांत वेगळी केली. ज्याला पाय आहेत तो डॉल्फिन असू शकत नाही. तेव्हा एकाच शब्दाखाली दोन प्राणी फार पूर्वीपासून नांदत होते. 'शिशूंना मारणारा' ही व्युत्पत्ती जुन्या 'शिंशुमार' रूपाशी जुळत नाही, ती मागाहून जोडलेली दिसते. पण एकदा ती लोकांच्या मनात बसल्यावर निरुपद्रवी डॉल्फिनपेक्षा सुसरीच्या अंगाला ती अधिक चपखल बसली असणार. दख्खनच्या नद्यांचाही यात हात आहे. गोदावरी, कृष्णा, सावित्री यांपैकी कोणत्याही नदीत नदीवासी डॉल्फिन नाही. उत्तरेकडून आलेल्या शब्दाला येथे त्याचा धनी सापडला नाही; पाण्यात जो सर्वांत मोठा व भयकारी होता, त्याच्याकडे तो गेला. 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ' ही म्हण ज्या भीतीतून निघाली, तिच्यात डॉल्फिनची छायादेखील उरलेली नाही.

आता याच शब्दावर दुसरे संकट येत आहे. अलीकडील पुष्कळ लेखनात सावित्रीतल्या प्राण्याला 'मगर' म्हणून 'सुसर' हे नाव उत्तरेतील घडियालाकडे ढकलण्याचा कल दिसतो. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळचा सावित्रीवरील पूल कोसळून अनेकांचे प्राण गेले, त्या वेळी शोधकार्यातील धोक्याची चर्चा वृत्तपत्रांतून झाली ती मगरींच्या नावाने. घडियाल महाराष्ट्राच्या नद्यांत नाही. म्हणजे गंगेत डॉल्फिन सोडून आलेल्या शब्दाला सावित्रीत मिळालेला प्राणीही आता काढून घेतला जातो, आणि त्याच्या पदरात पुन्हा गंगेचाच एक प्राणी टाकला जातो. शास्त्रीय काटेकोरपणाच्या नावाखाली चाललेला हा व्यवहार शास्त्राला फारसा उपकारक नाही व भाषेला अपायकारक आहे.

या पार्श्वभूमीवर, डॉल्फिन व त्याचे सगोत्र यांच्यासाठी 'शिशुमार', 'शिंशुक' अशी संस्कृत रूपे मराठी परिभाषेत सुचविली गेली, त्या सूचनेचे परीक्षण करणे अवश्य आहे. सूचना करणाऱ्यांची दृष्टी संस्कृत कोशावर होती आणि त्या दृष्टीने ती सदोष नाही. परंतु परिभाषा ज्या भाषेत वापरावयाची, तिच्यात त्या शब्दाचे लेकरू आधीच हिंडत आहे, हे लक्षात घेतले गेले नाही. ज्या वाचकाला 'सुसर' ठाऊक आहे, त्याला 'शिशुमार' शब्दाने बोध व्हायचा तो सुसरीचाच. ज्याला संस्कृत ठाऊक आहे, त्याला शिशुमारचक्र आठवेल आणि तो आकाशाकडे पाहील. समुद्राकडे कोणीच पाहणार नाही. पाण्यावर दोन क्षण दिसून गेलेल्या प्राण्याचे नाव सांगताना ज्या शब्दाचा अर्थ आधी समजावून द्यावा लागतो, तो निरीक्षकाच्या उपयोगाचा नव्हे.

संस्कृतातून घ्यावयाचेच होते तर 'तिमि' या शब्दाचा अधिकार मोठा होता, कारण त्याच्यामागे प्रत्यक्ष दर्शनाचा बळकट पुरावा आहे. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात पुष्पक विमानातून परतताना राम सीतेला समुद्र दाखवितो. तेथे कालिदासाने तिमींचे जे वर्णन केले आहे, ते मोठे देवमासे पाहिलेल्या कोणाच्याही लक्षात राहील असे आहे. हे प्राणी नदीच्या मुखाशी तोंडे उघडून जीवजंतूंसकट पाणी आत घेतात, मग तोंड मिटतात, आणि डोक्यावरील छिद्रांतून पाण्याचे फवारे वर सोडतात, असा त्याचा आशय आहे. हे वर्णन एक अलंकृत अतिशयोक्ती म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु नोंद म्हणून वाचले तर त्याची किंमत कळते. स्थळ अचूक आहे : नदीने आणलेल्या पोषक द्रव्यांमुळे मुखाशी लहान मासळी व जलजंतू दाटतात आणि त्यांच्यामागे मोठे प्राणी येतात. भक्षणाची रीतही अचूक आहे : दात नसलेले देवमासे भक्ष्यासह पाण्याचा प्रचंड घोट घेतात आणि तोंड मिटून जबड्यातील झालरीतून पाणी गाळून टाकतात. डोक्यावरील छिद्रही खरे. चूक एकाच ठिकाणी आहे : तोंडात घेतलेले पाणी छिद्रातून वर येत नाही; वर येतो तो श्वास, आणि त्याबरोबर उडालेले तुषार. पाहणाऱ्याने दोन स्वतंत्र क्रिया पाहिल्या व त्यांची कार्यकारणाने गाठ मारली. किनाऱ्यावरील प्रत्येक साक्षीदार आजही हेच करतो. दर्शन खरे आणि स्पष्टीकरण चुकीचे, असा हा पुरावा आहे. आणि नोंद तपासणाऱ्याने त्यातले पहिले ठेवून दुसरे बाजूला काढावयाचे असते. दुर्दैवाने 'तिमि' मराठीच्या वापरात टिकला नाही. 'तिमिंगिल' तेवढा पुराणकथेतील राक्षसी मासा म्हणून उरला.

मराठीने आपले स्वतःचे नाव घडविले ते 'देवमासा'. या शब्दावर शाळेच्या पहिल्या इयत्तांपासून एक आरोप ठेवला जातो : देवमासा हा मासा नाही. विधान सत्य आहे; आरोप मात्र गैर आहे. पाणघोडा घोडा नाही, पाणमांजर मांजर नाही, आणि त्यासाठी कोणी त्या शब्दांना वर्गातून हाकलून देत नाही. नाव हे वर्गीकरण नव्हे. विशेष गमतीची गोष्ट अशी, की 'देवमासा' हा शब्द अशास्त्रीय म्हणून ज्यांनी टाकला, त्यांच्या लेखणीतून 'व्हेल मासा' हा शब्द उतरतो. देव गेला, मासा राहिला! दोष ज्या अर्ध्या भागात होता तोच ठेवून, ज्यात अर्थ होता तो अर्धा भाग टाकला गेला.

कारण त्या पहिल्या पदात अर्थ आहे. मराठीत 'देव' हे पूर्वपद केवळ भक्तीने लावले जात नाही. शेतात न पेरता आपोआप येणारे ते देवभात, नेहमीच्या पेरणीच्या कपाशीहून वेगळा, वाती-जानव्यांच्या कामी येणारा तो देवकापूस, तशीच देवबाभूळ. माणसाच्या नेहमीच्या पेरणी-कापणीच्या, धरण्या-विकण्याच्या व्यवहाराबाहेर जे राहते, त्याला हे पद लागते. या न्यायाने देवमासा म्हणजे जो जाळ्याचा नाही, बाजाराचा नाही, असा जलचर. कोकणात देवमाशाची शिकार हा कधी धंदा झाला नाही, ही गोष्ट या नावात नोंदलेली आहे. 'व्हेल' शब्दात ती नाही.

तेवढ्याने 'देवमासा' निर्दोष ठरत नाही. त्याचा खरा दोष असा, की तो दर्शनाचा शब्द नसून बहुधा प्रेताचा शब्द आहे. जून २०१५ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फुटांचा निळा देवमासा जिवंत लागला व तेथेच मेला. जानेवारी २०१६ मध्ये जुहूला सुमारे ३५ फुटांचा ब्रूडा देवमासा मृत आढळला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला एक पिल्लू वाळूत अडकले, ते खोल पाण्यात नेऊन सोडले गेले, पण वाचले नाही. हजारो लोकांनी हे प्राणी पाहिले आणि बातम्यांतून त्या सर्वांना एकच नाव मिळाले. 'निळा' हे विशेषण तर कोणत्याही मोठ्या देवमाशाला सढळ हाताने लावले जाते. वस्तुतः प्रेत समोर असताना जात सांगण्याची संधी सर्वांत अधिक असते : डोक्यावर एक कणा आहे की तीन, पाठीवरील पर केवढा आणि कोठे, गळ्यावरील चुण्या कोठवर जातात, एवढे तीन प्रश्न पुष्कळसे काम करतात. जुहूच्या प्राण्याचे नाव मराठीत 'ब्राइड', 'ब्रायडीज' असे छापले गेले. ते नाव दक्षिण आफ्रिकेतील योहान ब्रूडा या नॉर्वेजियन व्यावसायिकाचे आहे; इंग्रजी अक्षरे पाहून उच्चार केल्यामुळे देवमाशाची नवरी झाली.

या नावाच्या पोटात आणखी एक गोंधळ आहे. इंग्रजीत ज्याला 'व्हेल शार्क' म्हणतात, तो खरोखर मासा आहे, मुशीच्या कुळातला; आणि मराठी बातम्यांत तोही पुष्कळदा देवमासाच होतो. सस्तन व मासा हे दोघेही एकाच शब्दाखाली जमा झाले, की वर्षाकाठी किनाऱ्याला किती देवमासे आले या प्रश्नाच्या उत्तराला अर्थ उरत नाही. तसेच 'देवमाशाची उलटी' या शब्दप्रयोगाचे. तस्करीच्या बातम्यांतून तो इतका रुळला आहे, की मराठीत त्या द्रव्याला 'अंबर' हा अरबी मूळाचा सुबक शब्द पूर्वीपासून आहे हेच विसरले गेले. ते द्रव्य दातवाल्या मोठ्या देवमाशाच्या आतड्यात तयार होते. उलटीशी त्याचा संबंध जोडणे शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही घाईचे आहे.

होडीवरून पाहणाऱ्याचा शब्द निराळा आहे. दक्षिण कोकणात डॉल्फिनला 'गादा' म्हणतात. हा शब्द जिवंत प्राण्याचा आहे, पाठीचा आहे, जाळ्याचा आहे. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी, दोन-चारांच्या किंवा त्याहून मोठ्या टोळीने फिरणारा, पाठीवर लांबट उंचवटा व त्यावर बुटका पर असलेला जो करडा डॉल्फिन, तोच येथे सर्वांत अधिक दिसतो. तो रापणीभोवती घोटाळतो, जाळ्यातील मासळी ओढतो, जाळे फाडतो. म्हणून 'गादा' या उच्चारात बहुधा तक्रार असते. तोच प्राणी हर्णै-मुरूडला किंवा तारकर्लीला पर्यटकांच्या होडीसमोर उसळला, की 'डॉल्फिन' होतो. जाळे फाडतो तो गादा आणि तिकीट मिळवून देतो तो डॉल्फिन, अशी ही वाटणी आहे. एकाच माणसाच्या तोंडी सकाळी एक व दुपारी दुसरा शब्द असू शकतो. ज्या नोंदपत्रकात केवळ 'डॉल्फिन' हे घर असते, त्यात दुपारची दर्शने भरतात आणि सकाळची सुटतात.

'गादा' शब्दाचे मूळ हा स्वतंत्र विषय आहे. रिचर्ड ओवेन यांनी १८६६ मध्ये वॉल्टर एलियट यांनी विशाखापट्टणकडे जमविलेल्या नमुन्यांचे वर्णन केले, तेव्हा एका डॉल्फिनला त्यांनी 'गादामु' हे तेलुगु कोळ्यांचे नावच शास्त्रीय नाव म्हणून दिले. 'गादा' आणि 'गादामु' यांचे साम्य कानाला तत्काळ जाणवते. भाषाभ्यासकाने मात्र तेवढ्यावर नाते जोडू नये. दोन किनाऱ्यांच्या मधल्या भाषांत हा शब्द सलग मिळावयास हवा. आणि मलयाळममध्ये तर डॉल्फिन हे 'समुद्रातले डुक्कर' आहे, जसे ते इंग्रजी 'पॉरपॉइज'च्या लॅटिन मुळातही आहे. दुवा सापडेपर्यंत हे साम्य टाचणाच्या स्वरूपात राहावे. एवढे निश्चित, की कोळ्यांचा शब्द शास्त्राच्या कामाचा आहे हे ओवेनसारख्या पंडिताला मान्य होते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी प्राणिवर्णनांत, ज्याच्या पाठीवर पर नाही अशा लहान प्राण्याचे 'भुलगा' हे मराठी नावही टिपलेले आहे. म्हणजे पर असलेला आणि पर नसलेला, हा भेद मराठी किनाऱ्याने दोन शब्दांनी केलेला होता. आजच्या मराठी लेखनात दोघेही डॉल्फिन आहेत. भाषा पुढे गेली असे येथे म्हणता येत नाही.

शास्त्रीय नाव स्थिर व लोकनाम चंचल, ही समजूतही येथे फारशी टिकत नाही. किनाऱ्यालगतच्या या डॉल्फिनचे वर्णन क्यूव्हिए यांनी १८२९ मध्ये मलबारच्या नमुन्यावरून केले. पुढे दीर्घकाळ तो चीनकडील जातीत मोडला गेला. २०१४ च्या पुनर्विचारानंतर तो पुन्हा स्वतंत्र जात म्हणून मान्य झाला. या सबंध काळात कोकणच्या होडीवर तो गादाच होता. त्याच्या इंग्रजी नावाचे 'कुबडधारी' असे शब्दशः भाषांतर करण्याची हौसही टाळावयास हवी. कारण इंग्रजीत तेच विशेषण एका मोठ्या देवमाशालाही आहे. तो देवमासा अरबी समुद्रात वर्षभर राहतो, आणि मार्च २०१७ मध्ये गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखालील ध्वनियंत्रांनी त्याचे गाणे टिपले. दोघे कुबडधारी एका तक्त्यात आले, की आठ फुटांचा प्राणी आणि पंचेचाळीस फुटांचा प्राणी मराठीत शेजारी बसतील.

नावांच्या या व्यवहाराला ऋतूचेही एक अंग आहे, ते सहसा दुर्लक्षिले जाते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. समुद्रावर डोळा नसतो. आणि नेमके त्याच काळात नैर्ऋत्य वारे व लाटा प्रेते किनाऱ्याकडे लोटतात. रेवदंड्याची घटना जूनच्या अखेरची आहे. म्हणजे पावसाळ्यात जमिनीवरच्या माणसाचा शब्द बोलतो, 'देवमासा'; मोसमात होडीवरच्या माणसाचा, 'गादा'. दोन शब्दांच्या नोंदी एका तक्त्यात बेरजेने मांडल्या, की प्राण्यांचा ऋतुक्रम कळल्यासारखा वाटतो; कळतो तो माणसांचा ऋतुक्रम.

यात केवळ कोशकारांचे हित गुंतलेले नाही. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडल्यास जाळे कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात २०१८ मध्ये आली. छायाचित्र त्यास आवश्यक आहे. पण छायाचित्राखाली जे लिहावयाचे ते शब्दांतच. 'भुलगा' म्हणणाऱ्याला पत्रकात तो शब्द न दिसता 'डॉल्फिन' दिसला, आणि आपण सोडलेला प्राणी डॉल्फिन नव्हे हे त्याला पक्के ठाऊक असले, तर तो अर्ज करणार नाही. जाळे तर फाटलेलेच असेल.

म्हणून नोंदपत्रकात जातीच्या नावाआधी सांगणाऱ्याने उच्चारलेला शब्द, त्याच्या लिंगवचनासह, जसाच्या तसा उतरवून घेण्याचे एक घर असणे आवश्यक आहे. त्यापुढे दर्शन पाण्यावरचे की वाळूवरचे, प्राणी जिवंत की मृत. जात शेवटी, आणि ती ठरविणाऱ्याच्या सहीने. बाणकोटच्या मुखाशी 'गादा' असे लिहिले जाईल. तेथून खाडीने वर येत तुडीलपर्यंत कोणत्या गावी 'गादा' थांबतो, कोठे नुसता 'डॉल्फिन' उरतो आणि कोठे 'सुसर' सुरू होते, हे गावोगाव विचारून नकाशावर मांडण्यास एका विद्यार्थ्याचा एक हिवाळा पुरेसा आहे.